पोलीस भरतीचा फॉर्म आणि तुमच्या जुन्या नोकऱ्या

बरीच वर्षं मी एचआरमध्ये काढली. त्या काळात माझ्या टेबलासमोर अधूनमधून एक ठरावीक पाहुणा येऊन बसायचा. साधे कपडे, हातात पातळ फाइल, बोलणं मोजकं. आमच्याकडे पूर्वी काम केलेल्या कुणीतरी पोलिसात अर्ज केलेला असायचा आणि हा गृहस्थ त्याची पडताळणी करायला आलेला असायचा. चार प्रश्न ठरलेले: रुजू कधी झाला, सोडलं कधी, हुद्दा काय, का सोडलं. मी रजिस्टर बघून उत्तरं द्यायचो. मग तो पेनाला टोपण लावायचा, उठायच्या बेतात यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा, "परत घ्याल का याला?"

या प्रश्नावर माणूस जरा जरी अडखळला, तरी समोरचा पुन्हा खाली बसतो.

एकदा एका मुलाच्या फॉर्मवर 'वैयक्तिक कारणामुळे राजीनामा' असं लिहिलेलं होतं. आमच्या रजिस्टरमध्ये 'सलग ९ दिवस न कळवता गैरहजर, सेवा समाप्त' अशी नोंद होती. पाहुण्याने दोन्ही ओळी शेजारी शेजारी वाचल्या, काही न बोलता लिहून घेतल्या आणि गेला. दोन महिन्यांनी तो मुलगा माझ्याकडे भांडायला आला. नऊ दिवसांच्या गैरहजेरीवरून माझं आयुष्य बिघडवलंत, असं त्याचं म्हणणं. त्याला समजावणं अवघड गेलं. विशीतली नऊ दिवसांची गैरहजेरी बहुतेक निवड समित्या पचवतात. त्याच्या फॉर्मवरचे ते दोन शब्द, 'वैयक्तिक कारण', त्यांना पचले नाहीत.

पुढचं सगळं याच अनुभवातून लिहितोय. कागदपत्रांची नावं देशागणिक बदलतात, पण पडताळणीचा गाभा सगळीकडे सारखाच असतो.

एवढं खणतात कशाला

दुकानात विक्रेता नेमताना कुणी तुमच्या तीन नोकऱ्यांमागच्या सुपरवायझरला गाठत नाही. पोलिसांच्या बाबतीत गाठतात, कारण पोलिसाचं निम्मं काम साक्षीचं असतं. तो पंचनामा लिहितो, जबाब घेतो आणि पुढे कोर्टात उभा राहून 'मी असं असं पाहिलं' म्हणतो. त्याच्या शब्दावर माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

अमेरिकेत ही गोष्ट कायद्यानेच पक्की झाली आहे. आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी वकिलाने दडवता कामा नये, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ब्रेडी विरुद्ध मेरीलँड खटल्यात सांगितलं. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का लावणारी माहितीही त्यातच येते, हे १९७२ च्या जिग्लिओ खटल्याने स्पष्ट केलं. म्हणजे पोलिसाने पूर्वी कुठे खोटेपणा केल्याची नोंद असेल, तर ती बचाव पक्षाच्या हातात द्यावी लागते. ज्यांच्या साक्षीवर असे डाग आहेत अशा पोलिसांच्या याद्या तिथली अनेक सरकारी वकिलांची कार्यालयं ठेवतात. यादीत नाव गेलेल्या पोलिसाला साक्षीला उभं करायला सरकारी वकील बहुधा तयार नसतात, आणि मग खात्याला त्याचा उपयोग फार थोडा उरतो. म्हणूनच फॉर्मवरचं छोटंसं खोटं त्यांना एखाद्या जुन्या चुकीपेक्षा महाग वाटतं.

दुसरी बाजूही आहे. उमेदवाराची जुनी फाइल न उघडण्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहराने पाहिलं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका नव्या पोलिसाने बारा वर्षांच्या तामीर राइसला गोळी घातली. हाच पोलीस २०१२ मध्ये शेजारच्या छोट्या पोलीस खात्यातून बाहेर पडला होता. तो या कामाला योग्य नाही, असं तिथल्या वरिष्ठांनी लिहून ठेवलं होतं. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती फाइल तपासलीच नव्हती. २०१७ मध्ये अखेर त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा कारण गोळीबाराचं नव्हतं. अर्जात जुन्या नोकरीबद्दल खरी माहिती दिली नाही, हे होतं.

आता कामाला लागू.

पायरी १ : सगळ्या नोकऱ्यांची पट्टी काढा

फॉर्म हातात घेण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून आजपर्यंतचा एकेक महिना मांडा. प्रत्येक महिन्यासमोर काहीतरी असलं पाहिजे: नोकरी, शिक्षण, आजारपण, बेकारी, घरच्या धंद्यात मदत. 'आठवत नाही' ही जागा शेवटी एकही उरू देऊ नका.

स्मरणशक्तीवर विसंबू नका, ती तारखांच्या बाबतीत बेधडक खोटं बोलते. नेमणूक पत्रं, रिलिव्हिंग लेटर, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, कर कापल्याच्या नोंदी, जुने ईमेल, हे सगळं बाहेर काढा. तपासणाऱ्यालाही यातलं बरंच दिसू शकतं. तुम्ही विसरलेली तीन आठवड्यांची नोकरी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात शांतपणे बसलेली असते.

काय धरायचं आणि काय नाही, याबाबत हमखास गोंधळ होतो. एक दिवस जाऊन सोडून दिलेलं काम, सुट्टीतलं हंगामी काम, कंत्राटदारामार्फत केलेलं काम, रोखीत पैसे मिळालेलं काम, काकांच्या दुकानात बिनपगारी बसणं, डिलिव्हरी ॲपवर केलेल्या फेऱ्या, हे सगळं या पट्टीवर लिहा. फॉर्ममध्ये जाईल की नाही ते नंतर ठरेल. रोखीतल्या कामाचा कर भरला नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि तो अर्जाआधी कर सल्लागाराबरोबर बसून निस्तरून टाकावा. तो लपवण्यासाठी नोकरीच गाळणं म्हणजे एका चुकीवर दुसरी रचणं.

कंत्राटदारामार्फत काम केलं असेल तर दोन नावं लिहा: पगार देणारा कोण आणि प्रत्यक्ष काम कुणाच्या आवारात होतं. इथे फार जण अडकतात. उमेदवार मोठ्या कंपनीचं नाव टाकतो, तपासणारा त्या कंपनीत जातो आणि तिथे 'या नावाचा कुणी आमच्या पटावर नव्हता' असं उत्तर मिळतं. झालं, संशय सुरू.

पायरी २ : प्रश्न नीट वाचा, शब्दाला शब्द

फॉर्म किती वर्षं मागचं विचारतो, ते आधी बघा. अमेरिकेतल्या केंद्रीय यंत्रणांसाठी वर्षानुवर्षं वापरला गेलेला एसएफ ८६ हा फॉर्म दहा वर्षांच्या नोकऱ्या मागतो, मधल्या बेकारीच्या काळासह, आणि त्या काळात तुम्ही कुठे होता हे सांगू शकेल अशा माणसाचं नावही मागतो. काही खाती अठराव्या वर्षापासूनचं सगळं मागतात.

त्याच एसएफ ८६ मध्ये नोकरी सोडण्याबाबतचा प्रश्न कसा रचलाय ते बघण्यासारखं आहे. गेल्या सात वर्षांत तुम्हाला काढलं का. काढणार असल्याचं कळल्यावर तुम्ही राजीनामा दिला का. गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर परस्पर संमतीने सोडलं का. काम समाधानकारक नसल्याचं सांगितल्यावर परस्पर संमतीने सोडलं का. 'मी राजीनामा दिला होता, मला काढलं नव्हतं' ही पळवाट यात आधीच बंद केलेली आहे.

भारतातल्या केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्याची, म्हणजे पडताळणीसाठी उमेदवाराने भरून द्यायच्या फॉर्मची, रीतही अशीच. त्यात नोकरीचा कालावधी, हुद्दा, पगार आणि कामाचं स्वरूप, मालकाचं पूर्ण नाव-पत्ता आणि सोडण्याचं कारण असे रकाने असतात. सरकारी, निमसरकारी, सार्वजनिक उपक्रम आणि खासगी, सगळ्या नोकऱ्या त्यात येतात. त्यापुढे आणखी एक खोचक प्रश्न असतो: आधीची नोकरी सरकारी होती आणि महिन्याची नोटीस देऊन सोडली, तर त्या वेळी तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती का, किंवा कशाबद्दल खुलासा मागितला होता का? नोटीस दिल्यानंतर, पण प्रत्यक्ष सेवा संपण्याआधी खुलासा मागितला असेल, तोही सांगायचा. नमुन्याच्या अगदी सुरुवातीलाच इशारा असतो की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हीच अपात्रता ठरेल.

प्रश्न वाचण्याचा उलटा फायदाही आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात म्हटलं की माहिती दडवल्याचा ठपका ठेवायचा असेल, तर फॉर्ममधला प्रश्न मोघम असून चालणार नाही. जे नेमकं विचारलं, तेवढंच सांगणं बंधनकारक. ते प्रकरण गुन्ह्यांच्या माहितीबद्दलचं होतं, पण धडा नोकरीच्या रकान्यालाही लागू पडतो. जे विचारलंय ते पूर्ण सांगा, जे विचारलेलंच नाही त्याचं पुराण लावू नका. मात्र न विचारलेली गोष्ट पुढे बाहेर आली, तर तुमच्या योग्यतेचा विचार करताना ती पाहता येते, हेही त्याच निकालात आहे.

पायरी ३ : सोडण्याचं खरं कारण एका वाक्यात लिहून बघा

ही सगळ्यात अवघड पायरी आहे, म्हणून तिला वेळ द्या. प्रत्येक नोकरीसमोर, फॉर्मसाठी नव्हे, स्वतःसाठी, एक वाक्य लिहा: मी ही नोकरी का सोडली? 'चांगली संधी मिळाली' हे खरं असेल तर उत्तम. पण तसं लिहिताना हात थबकला, तर तिथेच थांबा.

आमच्याकडे काम सोडून गेलेल्यांच्या फायलींत मी पाहिलेले प्रकार साधारण असे: स्वतःहून नीट नोटीस देऊन गेलेले, नोटीस न देता गेलेले, 'तू स्वतःच राजीनामा दे म्हणजे तुझी फाइल साफ राहील' असं सांगितलेले, कामात कमी पडल्याने काढलेले, गैरवर्तनावरून काढलेले आणि कंपनीने जागाच कमी केल्याने गेलेले. शेवटचा प्रकार निर्धोक आहे, त्याची लाज बाळगून तो लपवू नका. कामगार कपातीत गेलेल्या माणसाने 'राजीनामा' लिहिलेला मी पाहिलाय, आणि त्याचं मला आजही नवल वाटतं.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक. फाइल साफ राहील असं सांगणाऱ्या साहेबाने स्वतःच्या टिपणात काय लिहिलं, ते तुम्हाला माहीत नसतं. मी स्वतः अशी टिपणं फायलीत लावलेली आहेत. राजीनाम्याचं पत्र वर, आणि खाली 'चौकशी प्रस्तावित होती, राजीनामा आल्याने बंद' असा कागद.

सरकारी नोकरीतून गेला असाल, तर शिक्षेचा नेमका शब्द तपासा. भारतातल्या १९६५ च्या केंद्रीय शिस्त नियमांत 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फी' या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीने पुढच्या सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद होत नाही, दुसरीने सर्वसाधारणपणे होतं. बोलताना लोक दोन्हींना 'काढलं' म्हणतात. आदेशाची प्रत बघितल्याशिवाय फॉर्मवर काही लिहू नका.

पायरी ४ : खुलासा कसा लिहायचा

फॉर्मसोबत जादा कागद जोडायची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती वापरा. दोन नमुने दाखवतो, दोन्ही एकाच घटनेचे.

पहिला: "सुपरवायझरशी पटत नव्हतं, तिथलं वातावरण चांगलं नव्हतं, त्यामुळे परस्पर संमतीने नोकरी सोडली."

दुसरा: "मार्च ते ऑगस्ट गोदामात पॅकर होतो. जुलैत तीनदा उशिरा आलो, दोन लेखी ताकिदी मिळाल्या. ११ ऑगस्टला चौथ्यांदा, ५० मिनिटं उशीर झाला, तेव्हा कामावरून काढलं. त्या काळात रात्रीचं दुसरं काम करत होतो आणि झोप पुरत नव्हती. हे मी सुपरवायझरला सांगितलं नव्हतं. पुढच्या नोकरीत दोन वर्षं झाली, उशिराची नोंद नाही. तिथल्या सुपरवायझरचा नंबर खाली दिला आहे."

पहिला वाचून तपासणाऱ्याला खणावंसं वाटतं. दुसरा वाचून त्याला फक्त ताळा करायचा उरतो. त्यात तारीख आहे, ताकिदींची संख्या आहे, स्वतःची चूक एका वाक्यात आहे आणि नंतरचा पुरावा आहे. सुपरवायझरबद्दल वाईट शब्द एकही नाही. तो खरोखर खडूस असेलही. तपासणारा त्याला भेटणारच आहे, त्याचं तो ठरवेल.

माफीनामा लिहू नका, भाषण तर नकोच. 'या घटनेने मला खूप काही शिकवलं' हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की त्याचा आता काहीच अर्थ लागत नाही.

पायरी ५ : जुन्या मालकाकडे काय नोंद आहे ते आधी काढा

तपासणारा जाण्याआधी तुम्ही जा. एचआरला साधा ईमेल करा: माझ्या रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, हुद्दा आणि तुमच्या नोंदीतलं सोडण्याचं कारण कळवा. उत्तर आलं तर त्यांच्या तारखा आणि तुमच्या तारखा ताडून बघा. नोंदच चुकीची असेल, तर दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. दुरुस्ती झाली नाही तरी पोच कामाला येते.

अनेक कंपन्या बाहेरच्याला तारखा आणि हुद्दा यापलीकडे काही सांगत नाहीत. त्यावर निर्धास्त राहू नका. पोलीस भरतीत तुम्ही माहिती देण्याच्या संमतिपत्रावर सही केलेली असते. कॅलिफोर्नियात तर तसं रीतसर संमतिपत्र घेऊन पोलीस खात्याचा माणूस आला, तर खासगी मालकालाही कायद्याने माहिती द्यावी लागते. शिवाय तपासणारे एचआरपाशी थांबत नाहीत. तुम्ही दिलेल्या नावांकडून ते पुढची नावं काढतात: 'त्याच्याबरोबर शिफ्टला आणखी कोण असायचं?' तुम्ही न दिलेली माणसं त्यांना जास्त आवडतात.

कंपनी बंद पडली असेल, तर तिथल्या दोन सहकाऱ्यांची नावं, पगाराच्या पावत्या आणि कर कापल्याच्या नोंदी तयार ठेवा. 'कंपनी आता नाही' एवढंच लिहून सोडलं, तर ती नोकरी तुम्ही रचलेली वाटते.

जुन्या साहेबांना फोन करून 'तुमच्याकडे विचारायला येतील' एवढं सांगणं शिष्टाचाराचं आहे. काय बोलायचं ते पढवणं मात्र अंगाशी येतं. माझ्याकडे एकदा एका माजी कर्मचाऱ्याने फोन करून 'तारीख जरा पुढची सांगा' अशी गळ घातली होती. पाहुणा आल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "त्याने तुम्हाला फोन केला होता का?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

कुठली पार्श्वभूमी किती जड पडते

सरसकट नियम नाही, पण झुकाव सांगता येतो.

चोरी, पैशाची अफरातफर, खोटी बिलं, हजेरीत फेरफार, सहकाऱ्यावर हात उचलणं, लैंगिक छळाचा सिद्ध झालेला आरोप: या गोष्टी जड आहेत, आणि अलीकडच्या असतील तर बहुतेक ठिकाणी तिथेच विषय संपतो. इथे मी खोटा दिलासा देणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीची, विशीच्या आतली एखादी चूक असेल आणि त्यानंतरचं सगळं स्वच्छ असेल, तर काही खाती विचार करतात.

पकडली न गेलेली चूकही विचारली जाते. अमेरिकेतल्या अनेक खात्यांत 'कामाच्या ठिकाणाहून कधी काही घेतलंत का' असा थेट प्रश्न असतो. कार्यालयातून घरी आलेली पेनं आणि गल्ल्यातून घेतलेले पैसे यांतला फरक त्यांना कळतो. 'कधीच काही नाही' असं छातीठोक उत्तर देणाऱ्याकडे ते जास्त वेळ बघतात. काय, साधारण किती वेळा, अंदाजे किती किमतीचं, केव्हा थांबलं, एवढं सांगा आणि गप्प राहा.

धरसोड, म्हणजे तीन वर्षांत सहा नोकऱ्या, जड नसते पण प्रश्न उभे करते. प्रशिक्षणावर खर्च करून माणूस सहा महिन्यांत निघून जाईल, ही त्यांची खरी भीती. प्रत्येक उडीमागे पगार, अंतर, शिक्षण असं काही ठोस कारण असेल तर लिहा. सहा वेळा सहा साहेबांशी भांडणं झाली असतील, तर मात्र अर्ज करण्याआधी सध्याच्या नोकरीत निदान दीड-दोन वर्षं टिकून दाखवा. हा सल्ला लोकांना आवडत नाही.

बेकारीचा काळ निरुपद्रवी असतो. तारखा ओढूनताणून तो झाकला, की तो निरुपद्रवी राहत नाही.

मालकावर तक्रार किंवा खटला केला असेल, तर लपवायचं कारण नाही. तक्रार क्रमांक, तारीख, निकाल लिहा. तडजोडीत गोपनीयतेची अट असेल, तर 'तडजोड झाली, तपशील गोपनीय' असं लिहा आणि किती सांगता येतं ते वकिलाला विचारून घ्या. रकाना कोरा सोडू नका.

आधी पोलिसात असाल तर

इथे तपास सगळ्यात खोल जातो, आणि गेलाच पाहिजे असं माझं मत आहे. एका खात्यातून चौकशी टाळून निघालेला माणूस दुसऱ्या गावात वर्दी चढवतो, हा जुना रोग आहे. त्यावर वेगवेगळ्या देशांनी यंत्रणा केल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१७ पासून कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेकडे दोन याद्या असतात. बडतर्फ झालेल्यांची प्रतिबंधित यादी आणि चौकशी चालू असताना राजीनामा दिलेल्या किंवा निवृत्त झालेल्यांची सूचना यादी. राजीनामा दिला म्हणून नाव सुटत नाही. अमेरिकेत पोलीस म्हणून काम करण्याचा परवाना रद्द झालेल्यांची राज्याराज्यांतली माहिती नॅशनल डिसर्टिफिकेशन इंडेक्समध्ये एकत्र होते. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून परवाना रद्द करण्याचा अधिकार राज्याकडे घेतला.

तुमच्यावर खात्यांतर्गत तक्रारी झाल्या असतील, तर निर्दोष सुटलेल्याही लिहा, निकालाच्या प्रतीसह. पोलीस अकादमीतून मध्येच बाहेर पडणं आणि प्रोबेशनमध्ये कायम न करणं या दोन्ही गोष्टी लोक 'नोकरी धरतच नाही' म्हणून गाळतात. त्या धरल्या जातात.

सैन्यातून आलेल्यांनी सेवामुक्तीच्या कागदावरचा शेरा नीट वाचावा. अमेरिकेतल्या डीडी २१४ या कागदाच्या काही प्रतींवर सेवामुक्तीचं कारण असतं आणि काहींवर नसतं. भरतीला कारण असलेली प्रत लागते. कारण नसलेली प्रत जोडून काम भागत नाही, उलट 'का नाही जोडली' हा प्रश्न येतो.

सध्याची नोकरी

'सध्याच्या मालकाशी संपर्क साधू नये' असा रकाना बहुधा असतो आणि तो भरायला हरकत नाही. पण पडताळणीच्या शेवटच्या टप्प्यात संपर्क होतोच. तेव्हा साहेबाला तुमच्याकडून आधी कळलेलं बरं. सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांमार्फत अर्ज आणि ना हरकत प्रमाणपत्र यांची व्यवस्था आधीच करा. अंतिम नेमणूक पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. पडताळणी कित्येक महिने चालू शकते, आणि त्या महिन्यांतली हजेरीही तपासली जाते.

मुलाखत आणि पॉलिग्राफ

मुलाखत घेणाऱ्यासमोर तुमचा फॉर्म असतो आणि जुन्या मालकांची उत्तरं असतात. तुमच्याकडे फॉर्मची प्रत नसेल तर तुम्ही अंधारात बसलेले असता. म्हणून भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत ठेवा. दुसऱ्या खात्यात पूर्वी अर्ज केला असेल, तर तोही काढून वाचा. खाती एकमेकांकडून जुने अर्ज मागवतात, आणि दोन अर्जांत एकाच नोकरीची दोन कारणं सापडणं हा बाद होण्याचा अगदी नेहमीचा मार्ग आहे.

अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना उमेदवारांची पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्राची, चाचणी घ्यायला मनाई आहे, सरकारी खात्यांना मात्र मोकळीक आहे. त्यामुळे तिथे पोलीस भरतीत ती होते. यंत्र किती खरं सांगतं यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. पण चाचणीच्या आधीच्या गप्पांतच बहुतेक लोक स्वतः होऊन फॉर्ममध्ये नसलेलं काहीतरी सांगून टाकतात. तेव्हा जे सांगणार आहात, ते फॉर्ममध्ये आधीच असू द्या.

जुनी नोकरी बाजूने कशी बोलते

इतकं सगळं वाचून जुन्या नोकऱ्या म्हणजे नुसता धोका असं वाटू नये. कॅलिफोर्नियाची पोलीस प्रशिक्षण संस्था उमेदवाराला दहा निकषांवर तपासायला सांगते. त्यांत सचोटीबरोबर ताण सहन करणं, माणसांशी वागणं, निर्णय घेणं, संवाद हेही आहेत. याचा पुरावा पदवीत क्वचित असतो, नोकरीत असतो. कॉल सेंटरमध्ये रोज चिडलेल्या साठ माणसांशी बोलणारी मुलगी, रात्रपाळीचा सुरक्षा रक्षक, रुग्णालयातल्या अपघात विभागातला वॉर्डबॉय, यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. पण ते 'टीमवर्क, संवादकौशल्य' असं लिहितात आणि वाया घालवतात. एक प्रसंग लिहा. दारू प्यायलेला माणूस गेटवर अडून बसला, तुम्ही काय बोललात, किती वेळ लागला, हात न लावता तो कसा गेला.

सुरक्षा रक्षकांनी तर डायरी किंवा घटना नोंदवहीतल्या स्वतःच्या नोंदी आठवाव्यात. अहवाल लिहिता येतो, हे पोलीस खात्याला फार मोलाचं वाटतं.

नकार आला तर, आणि फॉर्म दिल्यावर चूक सापडली तर

नकाराचं कारण लेखी मागा. सगळीकडे मिळत नाही, पण मागण्यात काही जात नाही. अपिलाची मुदत असेल तर ती फार लहान असू शकते, पत्र आल्या दिवशीच तारीख बघा. जुन्या मालकाने चुकीची माहिती दिल्याचं कळलं, तर पायरी ५ मधली ती पोच इथे बाहेर काढायची. पुन्हा अर्ज करताना 'यापूर्वी नाकारलं गेलं का' या प्रश्नाला होच म्हणायचं.

आणि समजा फॉर्म जमा केल्यावर चार दिवसांनी, जुने कागद आवरताना, विसरलेल्या नोकरीचं ओळखपत्र हाती लागलं. त्याच दिवशी भरती कक्षाला लेखी कळवा: अमुक रकान्यात ही नोकरी राहिली, कालावधी असा, कारण असं, ओळखपत्राची प्रत सोबत. पोच घ्या. पाहुणा अजून त्या मालकाच्या टेबलासमोर जाऊन बसला नसेल, तर तुमचं पत्र त्याच्या फाइलमध्ये त्याच्या आधी पोचेल.